माळ्यावरची गाणी

दसरा झाला की घरोघरी माळा काढायचा कार्यक्रम सुरू होतो. पितळेची मोठी पातेली, मुलांची लहानपणची तीनचाकी सायकल, कुणाच्या तरी लग्नात आलेला आणि कधीच न वापरलेला डिनर सेट, असं एकेक खाली येतं. आणि त्यातच एखादी अशी बॅग असते, जी वर्षानुवर्षं कुणी उघडलेलीच नसते. शिडीखाली उभं राहून कुणीतरी विचारतं, ‘‘टाकून द्यायचं का हे?’’ आणि आपण म्हणतो, ‘‘राहू दे गं, पुढच्या वर्षी बघू!’’

हे ‘राहू दे’ किती मोलाचं असू शकतं, हे सांगणारी एक गोष्ट आहे. बंगालमधल्या एका घरात असंच जुन्या सामानात एक एल.पी. रेकॉर्ड पडून राहिली होती. ती मुलाच्या हाताला लागली. रेकॉर्डवर नाव होतं ‘डिस्को जॅझ’ आणि गायिका होती खुद्द त्याची आई. मुलानं सहज म्हणून इंटरनेटवर ते नाव शोधलं आणि तो चक्रावलाच. आईची गाणी यूट्यूबवर होती, लोक ती ऐकत होते, आणि जुन्या रेकॉर्डी जमवणारे परदेशी शौकीन या एका तबकडीसाठी भरपूर पैसे मोजायला तयार होते. ज्या बाईची ही गाणी, तिला मात्र यातलं काहीच ठाऊक नव्हतं!

त्या बाईंचं नाव रूपा बिस्वास.

आज शनिवार!

१९८१ साली तरुण रूपा आपल्या भावाकडे कॅनडातल्या कॅल्गरी शहरात गेली होती. गाणं चांगलं शिकलेली. तिथल्या विद्यापीठात तिनं कार्यक्रम केला. प्रसिद्ध सरोदवादक आशिष खाँ, म्हणजे मैहरच्या बाबा अल्लाउद्दीन खाँसाहेबांचे नातू आणि अली अकबर खाँसाहेबांचे चिरंजीव, यांची गाठ पडली. त्या दिवसांत डिस्कोची हवा होती. मग ठरलं, आपणही काहीतरी नवं करून बघू. एका बाजूला सरोद आणि तबला, दुसऱ्या बाजूला कॅनडातल्या वादकांची गिटार, ड्रम्स आणि सिंथेसायझर, आणि मध्ये रूपाचा मोकळा, खट्याळ आवाज. अवघी चार गाणी. पण ऐकताना वाटतं, सगळ्यांनी मिळून मस्त धमाल केलेली आहे.

आपल्या मराठी मुलींना तर या गाण्यांची नावं कळायला शब्दकोशही नको. एका गाण्याचं नाव ‘आज शनिबार’, म्हणजे अर्थातच आज शनिवार. दुसरं ‘मोजा भारी मोजा’. याचा पायमोज्यांशी काही संबंध नाही, बरं का! बंगालीत ‘अ’चा ‘ओ’ होतो. तेव्हा ‘मजा, भारी मजा’!

१९८२ मध्ये कलकत्त्याच्या मेगाफोन या जुन्या कंपनीनं ही रेकॉर्ड काढली. पण तोवर आपल्याकडे नाझिया हसननं सगळ्यांना वेड लावलं होतं. ‘कुर्बानी’तलं ‘आप जैसा कोई’ १९८० चं आणि ‘डिस्को दीवाने’ १९८१ चा. त्या गदारोळात एका नव्या मुलीचा आवाज कुणाला ऐकू जाणार? रेकॉर्ड चालली नाही. रूपानं पुन्हा तसा घाट घातला नाही. लग्न झालं, संसार सुरू झाला, आणि ‘डिस्को जॅझ’ सामानात गेली.

२०१९ मध्ये अमेरिकेतल्या शिकागोच्या न्यूमेरो ग्रुप या छोट्या कंपनीनं ही गाणी रीतसर पुन्हा प्रकाशित केली. त्यानंतर ‘आज शनिबार’वर जगभरातली तरुण पोरं नाचली. सदतीस वर्षांनी शनिवार उगवला म्हणायचा!

‘इंडी’ म्हणजे काय गं?

घरात कॉलेजात जाणारं कुणी असेल तर ‘इंडी पॉप’ हा शब्द कानावर पडला असेल. काहींना तो ‘इंडियन पॉप’चा शॉर्टफॉर्म वाटतो आणि आपल्याकडे नव्वदच्या दशकातल्या अल्बमांना तसं म्हटलंही जायचं. पण जगात इतरत्र इंडी म्हणजे ‘इंडिपेंडंट’, स्वतंत्र. मोठ्या कंपनीच्या दारात ताटकळत न बसता आपली गाणी आपणच करायची, घरात किंवा मित्राच्या गॅरेजमध्ये रेकॉर्ड करायची आणि कुठल्यातरी लहानशा कंपनीमार्फत, प्रसंगी पाचशे-हजार प्रतीच का होईना, काढायची. थोडक्यात, हॉटेलच्या मेन्यूकार्डावरची पंजाबी डिश आणि घरी केलेलं पिठलं यात जो फरक, तोच इथे. पिठल्याची जाहिरात होत नाही. पण चव आठवत राहते.

या छोट्या स्वतंत्र कंपन्या आणखीही एक काम करतात. पूर्वी कधीतरी निघालेली, कुणीही न ऐकलेली गाणी त्या धुंडाळतात. आज मी ज्या बायकांविषयी लिहिते आहे, त्यांच्यापैकी काहींच्या रेकॉर्डी पहिल्यांदा नावाजलेल्या कंपन्यांनीच काढल्या होत्या आणि विसरूनही टाकल्या होत्या. काहींच्या तर निघाल्याच नव्हत्या. त्या पुन्हा उजेडात आणल्या त्या या लहान लहान मंडळींनी. आणि त्यांच्याही आधी, घरातल्याच कुणीतरी त्या टाकून न दिल्यामुळे!

घोडागाडीतून निघालेली वॅश्टी

वॅश्टी बनियन या इंग्लंडच्या गायिकेचा जन्म १९४५ चा. विशीत तिला मोठी संधी मिळाली होती. रोलिंग स्टोन्स या गाजलेल्या बँडच्या मिक जॅगर आणि कीथ रिचर्ड्स यांनी लिहिलेलं गाणं तिच्या आवाजात १९६५ मध्ये निघालं. पण ते चाललं नाही. तिचा आवाज अगदी हलका, कानाशी कुजबुजल्यासारखा. त्या गजबजाटात तो हरवून गेला.

मग या मुलीनं काय करावं? १९६८ मध्ये ती आणि तिचा जोडीदार एक जुनी पाववाल्याची गाडी, बेस नावाची घोडी आणि एक कुत्रा घेऊन चक्क स्कॉटलंडच्या बेटांकडे निघाले. डोनोव्हन नावाच्या गायकानं स्काय बेटाकडे जमीन घेतली होती, तिथे कलाकारांची वस्ती होणार होती. आपणही तिथेच राहायचं, असा बेत. वाटेत कुणाच्या शेतावर काम करायचं, मिळेल ते खायचं, पुढे निघायचं. असं जवळजवळ दीड वर्ष चाललं. पोचेपर्यंत ज्यांच्यासाठी निघाले ते तिथून निघूनही गेले होते! पण त्या वाटेवर, घोडीच्या टापांच्या तालावर, वॅश्टीनं गाणी लिहिली. नांगरलेलं शेत, गव्हाचा दाणा, उजाडणारा साधासुधा दिवस असे त्यांचे विषय.

जो बॉइड या निर्मात्यानं त्या गाण्यांचा अल्बम केला. ‘जस्ट अनदर डायमंड डे’ हे त्याचं नाव. १९७० च्या शेवटी तो आला आणि जेमतेम काहीशे प्रती खपल्या. वॅश्टीला वाटलं, आपलंच चुकलं. आपली गाणी वाईटच असणार. तिनं गाणं सोडलं ते सोडलंच. पुढची तीस वर्षं तिनं तीन मुलं वाढवली, जनावरं सांभाळली.

१९९७ मध्ये तिच्या घरी कॉम्प्युटर आला. आपण सगळ्यांनीच पहिल्यांदा इंटरनेट मिळाल्यावर जे केलं तेच तिनंही केलं, स्वतःचं नाव टाकून बघितलं! तर कुठली कुठली माणसं तिची ती जुनी रेकॉर्ड शोधत होती, मिळेल त्या किमतीला विकत घेत होती. २००० मध्ये अल्बम सी.डी.वर पुन्हा आला. तरुण गायक-गायिकांनी तो डोक्यावर घेतला. डेवेंद्र बॅनहार्ट हा अमेरिकन गायक त्यातलाच. २००४ च्या त्याच्या अल्बममध्ये वॅश्टी त्याच्याबरोबर गायलीसुद्धा. आणि २००५ मध्ये, पहिल्या अल्बमनंतर तब्बल पस्तीस वर्षांनी, तिचा दुसरा अल्बम आला. त्याचं नाव ‘लुकआफ्टरिंग’, म्हणजे सांभाळणं, काळजी घेणं. मधली सगळी वर्षं तिनं काय केलं, ते एका शब्दात आलं की नाही! २०१४ चा तिसरा अल्बम ‘हार्टलीप’ तर तिनं बराचसा घरीच, कॉम्प्युटरवर स्वतः शिकून केला. तेव्हा ती एकोणसत्तर वर्षांची होती. २०२२ मध्ये त्या घोडागाडीच्या प्रवासावर तिचं ‘वेवर्ड’ हे पुस्तकही आलं.

दाताच्या दवाखान्यातली लिंडा

‘‘नोकरी करून कुठलं आलंय गाणं-बिणं!’’ असं आपण किती सहज म्हणतो. लिंडा पेरहॅक्स कॅलिफोर्नियात, हॉलिवूडच्या शेजारच्या बेव्हर्ली हिल्समध्ये, दाताच्या दवाखान्यात काम करायची. पेशंटचे दात साफ करून द्यायचे, हे तिचं काम. पेशंट मात्र बडे बडे. त्यांच्यातच होते चित्रपटांना संगीत देणारे लिओनार्ड रोझेनमन. बोलता बोलता त्यांना कळलं की ही मुलगी गाणी रचते. त्यांनी ती ऐकली आणि तिचा अल्बमच करायला घेतला.

१९७० मध्ये तो आला. नाव ‘पॅरललोग्रॅम्स’, म्हणजे आपल्या भूमितीच्या पुस्तकातला समांतरभुज चौकोन! लिंडाला आवाज रंगारूपात, आकारात दिसायचे. त्या नावाच्या गाण्यात तिच्याच आवाजाचे एकावर एक थर आहेत. ऐकताना पाण्यात खडा टाकल्यावर वर्तुळं पसरावीत तसं वाटतं.

पण छापून आलेली रेकॉर्ड तिनं घरी लावून ऐकली, आणि तिचा जीवच गेला. बारीक सूर, खोल सूर, सगळं कापून सपाट केलेलं. हे आपलं गाणंच नव्हे! तिनं ती रेकॉर्ड टाकून दिली आणि दुसऱ्या दिवसापासून पुन्हा दवाखाना. पुढची कित्येक वर्षं.

मायकल पायपर नावाच्या एका रेकॉर्डवेड्या माणसानं १९९८ मध्ये आपल्या छोट्या कंपनीतर्फे तो अल्बम पुन्हा काढला. जुन्या तबकडीवरूनच, कारण दुसरं काही हाताशी नव्हतं. गायिका कुठे आहे, हेही माहीत नव्हतं. पुढे तिचा पत्ता लागला तेव्हा कळलं, रेकॉर्ड टाकली असली तरी मूळ टेप तिनं जपून ठेवल्या होत्या! त्यावरून मग अल्बम पुन्हा आला, यावेळी तिला हवा होता तसा. आणि २०१४ मध्ये, पहिल्यानंतर चव्वेचाळीस वर्षांनी, तिचा दुसरा अल्बम निघाला. तेव्हा तिनं सत्तरी ओलांडली होती.

आईच्या साठीची भेट

सिबिल बायर जर्मनीची. तरुणपणी एकदा तिचं मन फार उदास होतं, अंथरुणातून उठवत नव्हतं. एका मैत्रिणीनं तिला उठवलं आणि गाडीत घालून आल्प्सचे डोंगर ओलांडत थेट इटलीतल्या जेनोआपर्यंत फिरवून आणलं. (अशी मैत्रीण प्रत्येकीला असावी!) परत आल्यावर सिबिलनं त्या प्रवासावर गाणं लिहिलं. ते तिच्या पहिल्या गाण्यांपैकी. मग १९७० ते १९७३ या काळात ती लिहित गेली आणि घरच्याच मोठ्या चकतीच्या टेपरेकॉर्डरवर, एकटी, गिटार वाजवत गात गेली. स्टुडिओ नाही, साथीदार नाहीत.

एका गाण्यात ती कामावरून थकून घरी येते, तर ध्यानीमनी नसताना तो स्वयंपाकघरात बसलेला असतो, पावाला लोणी लावत. बस, इतकंच. पण या इतक्याशा गोष्टीनं कुणाला किती आधार वाटू शकतो, हे त्या गाण्यात असं काही उतरलंय की आपलाही घसा दाटून येतो.

विम वेंडर्स या मोठ्या जर्मन दिग्दर्शकाच्या ‘अ‍ॅलिस इन द सिटीज’ या १९७४ च्या चित्रपटात ती छोट्याशा भूमिकेत दिसली. पण नाटक-सिनेमा, गाणं, कशाच्याच मागे ती लागली नाही. कुटुंबासह अमेरिकेला गेली, मुलं वाढवली. टेप घरातच राहिल्या.

तीस वर्षांनी, आईच्या साठीला काय द्यावं, या विचारात मुलगा होता. त्यानं त्या जुन्या टेपवरून गाणी सी.डी.वर उतरवली आणि घरच्यांना वाटली. एक सी.डी. त्यानं जे. मॅसिस या ओळखीच्या रॉक गायकालाही दिली. मॅसिसनं ती जॉर्जिया राज्यातल्या ऑरेंज ट्विन या लहानशा कंपनीकडे पाठवली आणि २००६ मध्ये ‘कलर ग्रीन’ या नावानं तो अल्बम जगापुढे आला. आपल्या रात्रीच्या शांततेत ऐकावा असा. सिबिल मात्र त्यानंतरही प्रसिद्धीपासून लांबच राहिली. कार्यक्रमांचे दौरे नाहीत, मोठ्या मुलाखती नाहीत.

मला ही गोष्ट फार आवडते. आपण नेहमी म्हणतो, ‘बिचारीनं संसारापायी कला सोडली.’ पण दरवेळी तसंच असतं असं नाही. कुणाला टाळ्या हव्या असतात आणि मिळत नाहीत, तेव्हा ते दुःख असतंच. पण कुणाला गाणं फक्त आपल्यापुरतं, एखाद्या डायरीसारखं हवं असतं. दोन्ही गाणी खरीच. फक्त ती पुसली जाऊ नयेत, एवढंच.

कॉनीला कळलंच नाही

वरच्या चौघींचं नशीब म्हणायचं, की आपलं गाणं लोकांना आवडलं हे त्यांना जिवंतपणी कळलं. कॉनी कॉन्व्हर्सच्या वाट्याला ते आलं नाही.

कॉनी अमेरिकेतली, १९२४ सालची. पन्नासच्या दशकात न्यूयॉर्कमध्ये राहून ती गिटारवर स्वतःची गाणी गायची. त्या काळी ‘स्वतः लिहायचं, स्वतःच चाल लावायची आणि स्वतःच गायचं’ असा प्रकार फारसा रूढ नव्हता. जीन डाइच नावाच्या एका मित्रानं १९५४ च्या सुमारास आपल्या घरातल्या स्वयंपाकघरात बसवून तिची गाणी टेप केली. हे डाइच म्हणजे पुढे ज्यांनी ‘टॉम अँड जेरी’चे काही भाग दिग्दर्शित केले ते. तुमच्या-आमच्या मुलांनी ते नक्की पाहिले असतील! त्यांच्याच खटपटीनं कॉनी एकदा टीव्हीवरही गायली. पण पुढे काहीच घडलं नाही. एकही रेकॉर्ड निघाली नाही.

१९६१ मध्ये तिनं न्यूयॉर्क सोडलं. अ‍ॅन आर्बर या गावी जाऊन नोकरी धरली, पुढे एका अभ्यासपत्रिकेचं संपादनाचं काम मन लावून केलं. गाणं मागे पडत गेलं, मन खचत गेलं. ऑगस्ट १९७४ मध्ये, पन्नासावा वाढदिवस झाल्यावर काही दिवसांत, तिनं घरच्यांना आणि मित्रमंडळींना निरोपाची पत्रं लिहिली, सामान छोट्या फोक्सवॅगन गाडीत भरलं आणि ती निघून गेली. त्यानंतर ती कुणालाच दिसली नाही.

मागे राहिलं एक फायलींचं कपाट. त्यात गाण्यांच्या टेप, पत्रं, याद्या, सगळं नीट लावलेलं. भावानं ते कपाट जपून ठेवलं. इकडे डाइच यांनीही आपल्याकडच्या टेप ठेवल्या होत्या. २००४ मध्ये, वयाच्या ऐंशीच्या घरात, ते न्यूयॉर्कच्या एका रेडिओ कार्यक्रमात आले आणि त्यांनी कॉनीचं एक गाणं वाजवलं. पन्नास वर्षांपूर्वी स्वयंपाकघरात गायलेलं! ऐकणाऱ्यांपैकी काही तरुणांना ते स्वस्थ बसू देईना. त्यांच्या धडपडीतून २००९ मध्ये ‘हाउ सॅड, हाउ लव्हली’ हा अल्बम निघाला. २०२३ मध्ये हॉवर्ड फिशमन यांनी तिचं मोठं चरित्र लिहिलं. आज तिला काळाच्या पुढची गायिका म्हणतात. पण ‘छान गातेस गं’ हे तेव्हा आणखी चार लोकांनी म्हटलं असतं तर?

हा प्रश्न मला सोडत नाही. कारण तो फक्त अमेरिकेतल्या कॉनीचा नाही.

ऐकायचं कसं?

‘‘पण आम्हाला इंग्रजी गाणी कुठे कळतात?’’ असं म्हणून पान उलटू नका, मैत्रिणींनो. सिबिलची तरी इंग्रजी कुठे मातृभाषा होती? ही गाणी हळू, स्पष्ट उच्चारात गायलेली आहेत. ‘सगळे शब्द कळलेच पाहिजेत’ हा हट्ट पहिल्या वेळेस बाजूला ठेवा.

आपला कान सिनेमाच्या गाण्यांवर पोसलेला. शंभर व्हायोलिनं, कोरस, मग अंतरा. या गाण्यांत तसलं काही नाही. एक गिटार आणि एक आवाज, तोही कधी कधी थरथरणारा. त्यामुळे पहिल्यांदा ‘हे काय, अर्धवटच वाटतंय’ असं होईल. दुसऱ्यांदा ऐका. दुपारची आवराआवर झाली की, किंवा भाजी निवडायला बसाल तेव्हा. सुरुवात ‘आज शनिबार’पासून करा, तिथे पाय आपोआप हलतील. मग वॅश्टीचं ‘डायमंड डे’. दोन मिनिटांचंसुद्धा नाही ते. रात्री निजानीज झाल्यावर कानात हेडफोन घालून सिबिलचं ‘टुनाइट’. आणि मन स्थिर असेल त्या दिवशी कॉनी.

स्मार्टफोनवर यूट्यूब आहे, माइकचं बटण दाबून गायिकेचं नि गाण्याचं नाव बोललं तरी सापडतं. एक ऐकलंत की खाली आणखी चार नावं दिसू लागतात. ती अनोळखी असतील, तर फारच उत्तम. सगळीच आवडतील असं नाही. विसरलेलं ते सगळं सोनंच, असंही नाही. पण कुणीतरी ‘हे हिट आहे’ असं सांगण्याआधी स्वतःच्या कानानं ठरवण्यात एक वेगळीच मजा आहे. मोजा, भारी मोजा!

आता आपला माळा

या पाच जणींच्या गोष्टीत एक धागा सारखा आहे, बघा. कुठे एल.पी., कुठे घरची टेप, कुठे फायलींचं कपाट. गाणं सापडलं, कारण ते ठेवलेलं होतं. मुलानं, भावानं, मित्रानं किंवा तिनं स्वतः.

आपल्याकडे गाणाऱ्या बायकांची कधी कमी होती का? हेमा राईरकर आणि गी प्वातव्हाँ यांनी महाराष्ट्रातल्या हजाराहून अधिक गावांत फिरून आणि फिरवून एक लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या, म्हणून त्या आज टिकल्या आणि ऐकायलाही मिळतात. ज्यांच्या दारी असं कुणी गेलं नाही, त्या घरातल्या ओव्या त्या त्या आजीबरोबर गेल्या.

तेव्हा यंदा माळा काढाल, तेव्हा जुन्या कॅसेट निघाल्या तर रद्दीवाल्याला देऊ नका. आधी बघा, त्यावर कुणाचा आवाज आहे. बारशाची, डोहाळजेवणाची गाणी असतील, आत्याचं नाट्यगीत असेल, वडिलांनी हौसेनं टेप केलेलं तुमचंच बालपणीचं बडबडगीत असेल. फितीवर पांढरी बुरशी दिसली तर घरच्या टेपरेकॉर्डरमध्ये घालून बघायचा मोह टाळा, फीत तुटेल. कॅसेटवरून पेनड्राइव्हवर उतरवून देणारे फोटो-व्हिडीओवाले बऱ्याच ठिकाणी असतात, त्यांना दाखवा. उतरवलेली प्रत एकाच फोनमध्ये नको; बहिणीकडे, मुलीकडेही एकेक असू द्या.

आणि कॅसेट नसली तरी फोन आहेच की हातात. आई, सासूबाई, शेजारच्या काकू भोंडल्याचं गाणं म्हणत असतील, देवघरात गुणगुणत असतील, तर रेकॉर्डिंगचं बटण दाबा. आधी त्यांचं नाव, गाव आणि तारीख बोलून घ्या. वीस वर्षांनी तेच विचारायला कुणी नसतं. ‘‘माझा कसला मेला आवाज!’’ असं त्या म्हणतील. म्हणू दे. वॅश्टीलाही तसंच वाटलं होतं.

आणि हो, स्वतःचंही एखादं गाणं त्यात राहू द्या. कोण ऐकणार, याचा विचार आत्ताच नको.